मी काल तुला पैसे दिले नव्हते

बारावीचा निकाल लागला की पंधरवड्यात एखादा तरी बाप मुलाला किंवा मुलीला घेऊन माझ्याकडे येतो. मी हौशी नाटकवाला. नोकरी सांभाळून तीस वर्षं नाटकं केली, अधूनमधून नाट्यवर्गांत आवाजाचे तास घेतो, एवढंच माझं भांडवल. पण नातेवाइकांत कुणी डॉक्टर असला की जशी सगळ्यांच्या पित्ताची चौकशी त्याच्याकडे येते, तशी नाटकात जाऊ बघणारी पोरं माझ्याकडे येतात. यंदा कऱ्हाडकडचे एक गृहस्थ आले. सोबत मुलगी, ७८ टक्के आणि पेढ्यांचा पुडा.

"सर, नाटकाची पण डिग्री असते?"

"असते. बी. ए. असते, एम. ए.सुद्धा असते."

"बरं. मग त्यात पुढे काय?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न घरात कुणी विचारत नाही. तिथे आत काय असतं? इंजिनीअरिंगच्या आत काय असतं ते गल्लीत चार जणांना माहीत असतं. नाटकाच्या वर्गात मात्र मुलं संवाद पाठ करतात आणि हातवारे करतात, अशी लोकांची समजूत. आणि तेवढंच असेल, तर ते गणपतीच्या मांडवातही होतं. त्यासाठी पुण्यात खोली कशाला घ्यायची?

म्हणून मी मुलीला एक वाक्य दिलं. पेढ्यांच्या पुड्यावर लिहिलं : मी काल तुला पैसे दिले नव्हते. म्हटलं, वाच. तिने वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, सगळे शब्द एका ओळीत उभे. मग म्हटलं, आता फक्त 'मी'वर जोर दे. मी काल तुला पैसे दिले नव्हते. म्हणजे कुणीतरी दिले, मी नाही. मग 'काल'वर. म्हणजे दिले, पण परवा. 'तुला'वर आलं की पैसे भलत्याच माणसाकडे गेलेले असतात. 'पैसे'वर आलं की दिलेलं काहीतरी वेगळंच असतं, बहुधा शब्द. आणि 'दिले'वर जोर आला, की समोरचा चोर ठरतो. दिले नव्हते, तू घेतलेस. वाक्य तेच, माणसं पाच. मुलीचे डोळे चमकले. बापाने घड्याळात पाहिलं.

नाटकाच्या अभ्यासक्रमात पहिले सहा महिने असल्याच गोष्टी चालतात. सकाळी अंग मोकळं करायचं, मग आवाज. जमिनीवर उताणं पडायचं, पोटावर वही ठेवायची. श्वास घेताना वही वर गेली पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. मग एक लांब 'आ' सोडायचा आणि वही हळूहळू खाली येऊ द्यायची. पहिल्या दिवशी ती सात-आठ सेकंदांत आपटते. महिन्याभराने वीस-पंचवीस सेकंद टिकते. हे इतकं कंटाळवाणं असतं, की तिसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं 'आम्ही अभिनय शिकायला आलोय' म्हणून कुरकुरतात. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबूज ऐकू जाते ती या वहीमुळे. ओरडून पोहोचवणाऱ्याचा घसा दौऱ्यात तिसऱ्या प्रयोगाला बसतो.

दुपारी वाचन. भरताने सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार, म्हणजे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पहिले तीन शिकवता येतात याबद्दल वाद नाही. चौथ्यावरून शिक्षकांच्या खोलीत चहा गार होईपर्यंत भांडणं होतात. मग शाकुंतल, इब्सेन, तेंडुलकर. संध्याकाळी तालीम. आणि रात्री खिळे-हातोडी, कारण सेट मुलांनीच उभा करायचा असतो. प्रकाशयोजना, रंगभूषा, कपड्यांना इस्त्री, प्रयोग संपल्यावर रंगमंच झाडणं, सगळं. घरून भेटायला आलेल्या आयांना पोरगी शिडीवर चढून दिवे बांधताना दिसली की त्या हबकतात.

मराठी नाटकाने शंभर वर्षं शाळेशिवाय काढली, हे खरं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये पहिला खेळ केला, तेव्हापासून नाटक कंपनी हीच शाळा होती. पोरगा दहा-बारा वर्षांचा कंपनीत जायचा, पाणी भरायचा, मोठ्या नटांचे पाय चेपायचा, विंगेत उभा राहून रोज तेच नाटक बघायचा आणि एक दिवस कुणीतरी आजारी पडलं की तोंडाला रंग लागायचा. कंपन्या मोडल्या, तशी ही शाळाही मोडली. तिची जागा आपल्याकडे दोन गोष्टींनी घेतली : १९५४ मध्ये सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा, आणि महाविद्यालयांतली एकांकिका.

पुण्यात तर गंमतच झाली. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. हे सगळे या ना त्या नात्याने बी. जे. मेडिकलचे. महाराष्ट्राचं पहिलं नाट्यविद्यालय हे एक वैद्यकीय महाविद्यालय होतं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. लागूंनी दवाखाना सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. त्यामुळे आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक वाक्य कायमचं ठाण मांडून बसलं : आधी डिग्री घे, मग काय ते नाटक कर. लागूंनी नाही का केलं?

केलं. पण लागूंच्या मागे वीस वर्षांचं हौशी काम होतं, भालबा केळकरांची पी. डी. ए. ही नाट्यसंस्था होती, रोज संध्याकाळी तालमीला जमणारी माणसं होती. पदवी जिथे घेतली त्या इमारतीतच नाटक होतं. हा भाग सल्ला देताना गळतो.

याच चाकोरीतून पुढे पुरुषोत्तम करंडक आला. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून चालवलेली ही स्पर्धा म्हणजे भरत नाट्य मंदिरात घसा फुटेपर्यंत घोषणा, तासाभराची एकांकिका आणि वर्षभराची आब. आजच्या मराठी पडद्यावरची आणि रंगमंचावरची कितीतरी माणसं तिथून आली, त्यांनी नाट्यशाळेचं तोंडही पाहिलं नाही. ज्या मुलाचं कॉलेज 'पुरुषोत्तम' करतं, सीनियर मंडळी रात्री दोनपर्यंत तालीम घेतात, त्याला मी सरळ सांगतो : तू शाळेतच आहेस, फी भरू नकोस. आधी ही तीन वर्षं नीट वापर.

पण स्पर्धेची म्हणून एक खोड असते. तिथे सगळं जिंकण्यासाठी बसवतात. ज्याला जे चांगलं येतं तेच त्याच्या वाट्याला येतं. विनोदी पोरगा तीन वर्षं विनोदीच भूमिका करतो, ठसक्यात बोलणारी मुलगी तीन वर्षं ठसक्यातच बोलते. टाळी घेणारी जागा कुठे आहे हे सगळ्यांना आधी कळतं, पात्र मागून कळतं. २०२२ मध्ये महाअंतिम फेरीत एकही एकांकिका पात्र नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. तेव्हा पुण्यात बरीच आदळआपट झाली. मला ते कठोर वाटलं, अन्यायाचं नाही वाटलं.

नाट्यशाळेत याच्या उलट चालतं. तुम्हाला जे येत नाही ते मुद्दाम देतात. लाजऱ्या मुलाला राजा करतात, राजबिंड्याला भालदार. ती भूमिका पडते, सगळ्या वर्गासमोर पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वही पोटावर. माझ्या मते शाळेत पैसे आणि वर्षं मोजायची ती या पडण्यासाठी. व्यावसायिक नाटकात आपटलात तर निर्माता बदली नट आणतो. मालिकेत आपटलात तर लेखक तुमच्या पात्राला परदेशी पाठवतो. पडून परत उभं राहायला दोन-तीन वर्षं मिळणं आणि बरोबर पडायला दहा-पंधरा माणसं मिळणं, हे बाहेर कुठे विकत मिळत नाही. ही माणसंच पुढे एकमेकांना कामं देतात, हा त्यातला व्यवहार. शिक्षकापेक्षा वर्ग महत्त्वाचा, असं मी म्हणतो तेव्हा शिक्षक मंडळी रागावतात. रागावू देत.

वर्ग बरोबरचा हवा म्हणजे काय, याचं उदाहरण पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलं. सत्तरच्या दशकात तिथले दिग्दर्शनाचे विद्यार्थी आपल्या फिल्ममध्ये अभिनयाच्या विद्यार्थ्यांना घेईनात. नसीरुद्दीन शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावरून संप केला. गिरीश कार्नाड तेव्हा संचालक होते. मग अभिनयाचा अभ्यासक्रमच बंद पडला, तो २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ज्या जागेत कॅमेरा आहे, फिल्म आहे, शिक्षक आहेत, तिथेही तुम्हाला कुणी भूमिका दिली नाही तर शिकणं अर्धंच राहतं. म्हणून कुठलाही अभ्यासक्रम बघताना पहिली चौकशी ही करावी, की इथे एक विद्यार्थी वर्षाला किती वेळा प्रत्यक्ष उभा राहतो. आणि कुणासमोर.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एन. एस. डी., हा वेगळाच मामला. १९५९ मध्ये सुरू झालं, पण त्याला आकार दिला तो १९६२ ते १९७७ संचालक असलेल्या इब्राहिम अल्काझींनी. हे गृहस्थ जन्माने पुण्याचे. लंडनला रीतसर नाटक शिकून आले, मुंबईत विजया मेहतांसारख्यांना शिकवलं आणि मग दिल्लीत जाऊन मुलांना वेळेवर येणं, शौचालय स्वच्छ ठेवणं आणि ग्रीक नाटक या तिन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्याने शिकवल्या. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्याच काळात तिथे गेल्या. पुढे अतुल कुलकर्णी, गीतांजली कुलकर्णी गेले. ज्योती सुभाष आणि अमृता सुभाष या मायलेकी दोघीही तिथल्याच. बीड जिल्ह्यातून आलेले वामन केंद्रे तिथे शिकले आणि त्याच संस्थेचे संचालकही झाले.

पण बारावीच्या मुलाला मी एन. एस. डी.चं नाव घेऊ देत नाही, कारण तिथे पदवीनंतरच जाता येतं. आधी काही नाटकांत काम केलेलं असावं लागतं, हिंदी-इंग्रजी कामापुरतं यावं लागतं. देशभरातून तीसेक जण निवडतात, तेही पहिल्या चाचणीनंतर दिल्लीला काही दिवस कार्यशाळेत पारखून. निवड झाली तर विद्यावेतन मिळतं, म्हणजे तिथे फीपेक्षा प्रवेशच महाग. मनोज बाजपेयींना या शाळेने पुन्हा पुन्हा नाकारलं. ते बॅरी जॉनकडे शिकले. पंकज त्रिपाठी पाटण्यात हॉटेलात काम करत होते, नकार पचवून मग आत गेले. नकाराचा अर्थ 'येत नाही' असा नसतो. तीस खुर्च्यांना हजारो माणसं असली की पारखणाऱ्याचं चुकणारच.

आपल्याकडच्या जागा तशा मोजक्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. नाटक, संगीत, नृत्य एकाच आवारात, त्यामुळे नाटकाच्या पोराच्या कानावर दिवसभर तबला पडतो, हा न छापलेला अभ्यासक्रम. आळेकर तिथे १९९६ पासून तेरा वर्षं प्रमुख होते. मुक्ता बर्वे तिथल्या. मुंबई विद्यापीठात कलिन्याला अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, ती पदव्युत्तर. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग मराठवाड्यातल्या मुलांचा जुना आधार. गोव्यात कला अकादमीचं नाट्यविद्यालय. या सरकारी किंवा विद्यापीठाच्या जागा. फी झेपण्यासारखी असते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा.

आणि मग अंधेरी. तीन महिन्यांत अभिनय, सोबत पोर्टफोलिओ, शेवटी 'कास्टिंग डायरेक्टरशी भेट'. सगळेच लबाड नसतात, काही शिक्षक फार चांगले आहेत. पण ज्या जाहिरातीत शिकवणाऱ्याच्या नावापेक्षा काम मिळण्याची हमी मोठ्या अक्षरात असते, तिथे मी मुलांना पायरीही चढू देत नाही. काम मिळण्याची हमी या धंद्यात कुणीच कुणाला देऊ शकत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं गाजवलं, त्यांच्याही घरी फोन वाजायचा थांबतो.

आता बापाच्या प्रश्नाकडे. पुढे काय? खरं ते सांगतो. रंगभूमीवर मानधन प्रयोगागणिक मिळतं. त्याला 'नाईट' म्हणतात, प्रयोग दुपारी चारचा असला तरी. महिन्यात प्रयोग किती लागतील ते नाटकावर, पावसाळ्यावर, निवडणुकांवर आणि क्रिकेटवर अवलंबून. मालिकेत दिवसाचा दर ठरतो, शिफ्ट बारा-तेरा तासांची आणि पैसे हातात यायला तीन-तीन महिने. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे तिथलं ठाणं. तिथे नटाला हंगामभर काम असतं, पण पुण्या-मुंबईच्या नाट्यशाळांत त्याची चर्चा का निघत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

नाटक शिकलेली बरीच मुलं शेवटी दुसरंच काही करतात : शाळांतून नाट्यशिक्षक होतात, डबिंग करतात, प्रकाशयोजनेत जातात, लिहितात. एम. ए. करून नेट दिलं तर प्राध्यापकीची वाट आहे, अगदी चिंचोळी. आणि बी. ए. ती बी. ए.च, पदवीधर चालतो तिथे स्पर्धा परीक्षेलाही चालते. हे ऐकल्यावर आलेले गृहस्थ पहिल्यांदा जरा सैल बसले. मी मुद्दाम शेवटी सांगतो ते.

माझं मत विचाराल तर बहुतेक मुलांनी घाई करू नये. नाटक असलेलं एखादं साधं कॉलेज बघावं, तीन वर्षं बॅकस्टेजपासून सगळं करावं आणि तरीही वळवळ शिल्लक राहिली तर एकविसाव्या वर्षी नाट्यशाळेत जावं. तोवर आपल्याला काय येत नाही हे कळलेलं असतं, आणि शाळेचा उपयोग ते माहीत असलेल्यालाच होतो. अठराव्या वर्षी हातात फक्त हौस असते.

पण हे मत मी एका बाबतीत गुंडाळून ठेवतो, आणि ती बाब समोर बसली होती. गावात नाटक नाही. जवळच्या कॉलेजात गॅदरिंगला नाच होतात, नाटक बसत नाही. तालमी रात्री असतात आणि मुलीने रात्री बाहेर राहायचं नाही. तिला 'आधी तीन वर्षं हौशी काम कर' हा सल्ला म्हणजे 'करू नकोस' एवढाच. शहरातल्या मुलाला नाट्यशाळा ऐच्छिक असते. तिला ती परवान्यासारखी असते. प्रवेशाचं पत्र आलं, होस्टेलची खोली मिळाली, वेळापत्रकात तालीम छापून आली, म्हणजे घरून निघायला कारण मिळालं आणि नातेवाइकांना द्यायला उत्तर मिळालं : विद्यापीठात शिकते. मी अशा किती मुली पाहिल्या ते मोजलेलं नाही. त्यातल्या सगळ्या नट्या झाल्या नाहीत. परत मात्र फार थोड्या गेल्या.

तरी डोळे मिटून पाठवू नका, असं मी त्यांना सांगितलं. आधी दोघांनी मिळून तिथल्या मुलांचं एखादं नाटक बघा. तिकीट नसतं किंवा फार थोडं असतं. नायकाकडे बघू नका, तो कुठेही बरा असतो. सगळ्यात लहान भूमिका बघा, पाणी आणून देणारा, निरोप सांगणारा. त्याला आपण कुठून आलो आणि कुठे चाललोय हे ठाऊक आहे का? त्याचा हात पेल्यावर नीट आहे का? त्याचं नीट असेल तर तिथे शिकवतात. मग पाच वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या कुणाही एकाला गाठा. भिंतीवर ज्याचा फोटो आहे त्याला नको, बाकीच्यांपैकी एकाला. तो सकाळी उठून काय करतो ते विचारा. मग फॉर्म भरा.

मुलीने सगळं वहीत लिहून घेतलं. प्रवेशपरीक्षेत काय विचारतात, म्हणाली. म्हटलं, एक-दोन उतारे पाठ करून ने, एक तुझ्या बोलीतला ने, साताऱ्याकडचा. प्रमाण मराठीत सगळेच बोलतात तिथे. आणि परीक्षकांनी अध्येमध्ये थांबवून 'आता हेच रागाने नको, हसत म्हण' असं सांगितलं तर बिचकू नकोस. उतारा ते बघत नसतात, तू वळतेस का ते बघतात.

साडेसहाची एस. टी. होती. मुलगी खाली जाऊन रिक्षा बघायला लागली. गृहस्थ दारात बुटात पाय घालत होते. एक पाय आत, एक बाहेर, भिंतीला हात टेकलेला. तसेच थांबले.

"सर, ते पैशाचं वाक्य," ते हळू आवाजात म्हणाले, "ते शेवटून दुसरं कसं होतं? मी काल तुला *पैसे* दिले नव्हते. असंच ना?"

असंच होतं. एकदम बरोबर होतं. त्यांनी मान हलवली, दुसरा बूट चढवला आणि जिना उतरता उतरता आणखी एकदा म्हणून पाहिलं, या वेळी 'तुला'वर.